दौलू नाईक आमच्या शेतात आला तो उन्हाळा

चैत्र लागला की पिंपळवंडीच्या हवेला कांद्याचा वास येतो. फोडणीतल्या कांद्याचा नव्हे. उपटून वाफ्यात पसरलेल्या, पात पिवळी पडत चाललेल्या कांद्याचा वास. त्याला तापल्या मातीची कड असते, आणि कॅनॉलला पाणी सुटलं असेल तर थोडा गारवाही. नारायणगाव मागे पडलं की एसटीच्या खिडकीतून आधी हा वास आत येतो आणि गाव त्याच्या मागून. यंदाही तसाच आला. मी पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून निघाले होते. वास आला आणि मला आठवण झाली ती दौलू नाईकची.

दौलू नाईक आमच्या भावकीतला नाही. गावातला नाही. खरं तर तो कुठलाच नाही. एका ऐतिहासिक कादंबरीतला जासूद तो, कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला. पण एका उन्हाळ्यात तो आमच्या शेतात आला आणि कांदा निघेपर्यंत राहिला. माणसं घर बांधतात, लग्नं करतात आणि त्यावरून वर्षं लक्षात ठेवतात. आमच्या घरात ते वर्ष अजून 'दौलूचं वर्ष' म्हणून ओळखलं जातं.

त्याला आणलं माझ्या वहिनीनं. सुरेखावहिनी आंबेगाव तालुक्यातली, निरगुडसरची. दिवाळीनंतर लग्न होऊन आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या रुखवतात इतर सगळ्या वस्तूंबरोबर एक पत्र्याची पेटी होती. बायकांना वाटलं भांडी असतील. उघडली तर पुस्तकं. घोड्यांच्या टापा, भुयारं, वेढे, वेषांतरं, चांदण्यात चमकणारी पाती, अशा सगळ्या कादंबऱ्या. तिच्या वडिलांना त्यांचं वेड, आणि वडिलांचं वेड लेकीनं घेतलेलं. एकेक पुस्तक कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं, कुठे हळदीचं बोट उमटलेलं, कुठे चहाचा गोल.

माझी आई त्या पेटीकडे बघून एवढंच म्हणाली, "बरंय. उंदरांची सोय झाली."

आई वाईट नव्हती. चौथी शिकलेली, एसटीच्या पाट्या आणि देवळातले फलक वाचणारी बाई. तिला वाचायचा राग नव्हता, बसून राहायचा होता. वहिनी भाकरी थापून झाल्यावर चुलीच्या उजेडात, पाण्याचा हंडा भरेपर्यंत नळाशी, गाईची धार काढायच्या आधी, अशी जिथे फट मिळेल तिथे दोन पानं वाचून घ्यायची. आई म्हणायची, "सुरेखा, ती पानं काय पळून चालली का?" आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. वहिनी हसून म्हणायची, "पानं न्हाई आत्या, घोडं पळतंय." आईला ते उत्तर आवडायचं नाही आणि मला फार आवडायचं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. परीक्षा संपवून घरी आले होते आणि कांदा काढायला लागू नये म्हणून डोकं दुखतंय, पाय दुखतोय असं काहीबाही सांगून बघत होते. कशाचाच उपयोग झाला नाही.

ज्यांनी कांदा काढलेला नाही त्यांना बायांची टंचाई काय असते ते कळायचं नाही. सगळ्या शिवाराचा कांदा एकदमच निघायला येतो. आदल्या दिवशी हो म्हणालेल्या बाया सकाळी दुसऱ्याच्या वाफ्यात वाकलेल्या दिसतात. कुणी चहा दोनदा देतं, कुणी वडापाव देतं, कुणी घरापासून घरापर्यंत पिकअप लावतं. आणि डोक्यावर अवकाळीचं भय. उपटलेल्या कांद्यावर पाऊस पडला की तो कांदा टिकत नाही. बराखीत, म्हणजे आमच्या साठवणीच्या चाळीत, भरला की आतल्या आत सडतो. त्या वर्षी आमच्याकडे पहिल्या दिवशी जेमतेम सहा बाया आल्या. माझा भाऊ बांधावर उभा राहून फोन लावत होता आणि आई त्या सहा जणींकडे सोन्याच्या मोहरांकडे बघावं तशी बघत होती.

त्या सहात हिराबाई होती. धनगराची, साठीच्या आसपासची, उंच आणि ताठ. तिच्या घरची मेंढरं दरवर्षी खतासाठी आमच्या मोकळ्या रानात बसायची, त्यामुळे ओळख जुनी. हिराबाई बोलायला लागली की मेंढरंही थांबायची असं गावात म्हणत. तिनं वहिनीला हेरलं. नवी सून, मान खाली घालून पात कापतेय, तोंडातून शब्द नाही.

"काय गं नवरी, बोलंना झालीस? म्हायेराची याद येती व्हय?"

"न्हाई मावशी," वहिनी म्हणाली. "माझा एक माणूस घाटात अडकलाय."

सहाच्या सहा विळे थांबले. आईचाही थांबला.

"कोन माणूस?" हिराबाईनं विचारलं.

"दौलू."

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लग्नाला सहा महिने झाले नाहीत आणि सून चार बायांत सांगतेय की तिचा एक माणूस घाटात अडकलाय! वहिनीच्या लक्षात आलं आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं सांगितलं, की पुस्तकातला गं बाई, पुस्तकातला. सकाळी चहा उकळेपर्यंत वाचत होते, तो नाणेघाटात शिरला आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

"मंग? नाणेघाटात कशाला गेला व्हता त्यो?" हिराबाईनं विचारलं. आणि तिथून सुरू झालं.

गोष्ट साधीच. घाटमाथ्यावरच्या एका गडाला वेढा पडलाय. गडावर माणसं आहेत, तोफा आहेत, पण दारू संपत आलीय. दौलू नाईक कोकणातून मिठाच्या गोण्यांत दारू लपवून, बैलांवर लादून घाटानं वर आणतोय.

"दारूसाठी येवढा आटापिटा?" एकीनं नाक मुरडलं. "आमचं मालक बी करतील मंग."

"तोफेची दारू गं!"

हशा पिकला, आणि त्या हशातच कांद्याचा एक वाफा कधी संपला ते कुणालाच कळलं नाही.

आमच्याकडे इतिहासाचं एक बरं आहे. तो शोधायला लागत नाही. मान वर केली की कुठला ना कुठला गड दिसतो. सकाळी हवा स्वच्छ असली की पश्चिमेला शिवनेरीचा माथा, त्याच्या मागे सह्याद्रीची निळी रांग. वहिनी पात कापता कापता विळ्यानं तिकडे दाखवायची, "त्या तिकडून चढला तो." बाया डोळ्यांवर हात धरून बघायच्या. जणू मिठाच्या गोण्या लादलेले बैल आत्ता दिसतील. शाळेत मी इतिहास पाठ केला होता, सनावळीसकट. पण एखादा घामेजलेला माणूस माझ्या शेतातून दिसणारा डोंगर चढतोय आणि त्याच्या पायात काटा मोडलाय, हे मला वहिनीनं दाखवलं. कादंबऱ्यांवर लोक जीव का टाकतात हे मला त्या बांधावर कळलं. इतिहास आपल्याला काय झालं ते सांगतो; कादंबरी आपल्याला ते होत असताना तिथे उभं करते, आणि मग आपल्याला तिथून हलवत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ बाया आल्या. तिसऱ्या दिवशी तेरा. शेजारच्या एका शेतकऱ्यानं माझ्या भावाला रस्त्यात धरलं, "भाऊ, तू बायांना काय चारतोस रं? माझ्याकडं यायच्या त्या तुझ्याकडं पळाल्या." भाऊ काय सांगणार? तो म्हणाला, "दौलू आलाय आमच्याकडं." त्या गृहस्थानं बरेच दिवस दौलू म्हणजे कांदा काढायचं नवं मशीन असावं असं समजून चौकशी केली.

आता आईची पंचाईत झाली. सुनेच्या पुस्तकानं बाया येतात हे तिला दिसत होतं, पण मान्य कसं करणार? एका सकाळी मी बघितलं, वहिनी भाकरी थापायला बसली तशी आई आली, तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि पुटपुटली, "भाकरी मी टाकते. तू जा, पुढचं वाचून ठिव. काल लवकर संपलं." मग परातीत बघत, माझ्याकडे न बघता, "चुकलेले बैल घावले का न्हाई त्याचे?"

चौथ्या-पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आंब्याखाली बसलो होतो. आईनं त्या दिवशी सगळ्यांसाठी मासवड्या केल्या होत्या. हिराबाई भाकरी मोडता मोडता सहज म्हणाली, "ह्या पुस्तकात सरदार हायेत, सावकार हायेत, बामन हायेत. आमच्यातलं कोन न्हाई का गं? डोंगरात तर आमीच असतो की."

वहिनीनं हातातला घास परत भाकरीवर ठेवला. "येतंय की मावशी," म्हणाली, "उद्याच्या भागात येतंय."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच आलं. गोष्ट अशा जागी पोचली होती की घाट संपतो तिथे शत्रूची चौकी, दौलूचे बैल हेरलेले, आणि आता दारू पुढे न्यायची कशी? तेवढ्यात कारवीच्या झुडपांतून एक उंच, ताठ म्हातारी बाहेर येते. मागे दोनशे मेंढरं. ती दौलूकडे बघते आणि म्हणते, घे ती घोंगडी. दारूच्या लहान लहान थैल्या मेंढरांच्या पोटाखाली लोकरीत बांधल्या जातात. दौलू म्हातारीचा मुका नातू बनतो. आणि तो सगळा कळप चौकीच्या पुढून, पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून, मे-मे करत निघून जातो.

 मग हिराबाई हळूच म्हणाली, "लोकर कातरल्याली नसंल ना? नाय, कातरली असंल तर थैल्या दिसत्याल."

"न्हाई मावशी, कातरायची राहिली होती."

"मंग बराबर हाय," हिराबाई म्हणाली, आणि त्या दिवशी तिचा विळा असा चालला, की तिच्याबरोबरीनं कापताना आम्हा पोरींच्या तोंडाला फेस आला.

ती म्हातारी सगळ्यांची लाडकी झाली. पुढचे दोन दिवस बाया दौलूपेक्षा तिचीच चौकशी जास्त करत होत्या. ती परत येते का? तिची मेंढरं सगळी सुटली का? वहिनी सांगायची आणि मी ऐकायची. मला ते पुस्तक वाचायची घाई नव्हती. वहिनीच्या तोंडून ऐकण्यापुढे छापलेली अक्षरं फिकी वाटायची.

मग तो दिवस आला. कांदा बहुतेक निघाला होता, शेतात ढीग लागले होते. आरण म्हणतात आमच्याकडे त्या ढिगाला. दुपार उलटली होती. गोष्टीत दौलू गडाच्या मागच्या कड्याला दोरावर लटकत होता, पाठीला दारूची पोतडी, वरून माणसं ओढतायत, आणि दोराचा पीळ एका धारदार दगडावर घासतोय. एक पेड तुटला. दुसरा तुटला. तेवढ्यात पूर्वेला आणे गावच्या पठाराकडून काळं आभाळ उठलं. वारा असा सुटला की सुकलेली पात भिरभिरत आमच्या डोक्यावरून गेली. रस्त्यावर बायांना न्यायला आलेला पिकअपवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. घरी त्यांचीही शेतं होती, वाळवणं होती, गुरं होती. बाया उठल्या.

आई उघड्या आरणींकडे बघत उभी राहिली. तिला त्या बायांना थांबा म्हणवेना. दिवसभर राबलेल्या बाया. कुठल्या तोंडानं सांगणार?

वहिनी बांधावर चढली. नवी सून, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडालेला. तिनं ओरडून सांगितलं, "तिसरा पेड ऱ्हायलाय! आरणी झाकल्या की सांगते तुटतो का न्हाई!"

 आणि सगळ्यांच्या आधी माझी आई ओरडली, "अगं ए भवाने, आत्ता सांग!"

"न्हाई आत्या. आधी कांदा."

हिराबाईनं लुगड्याचा काष्टा खोचला. "चला गं," ती म्हणाली, "पोरगं लटकून ऱ्हायलंय तिकडं." आणि ज्या काही बाया धावल्या! कुणी पात ओढली, कुणी ताडपत्रीचं टोक धरलं, कुणी दगड आणले. पिकअपवाला आधी चिडून खाली उतरला आणि मग, का कोण जाणे, तोही ताडपत्री ओढायला लागला. शेवटच्या आरणीवर शेवटचा दगड ठेवला आणि पहिली गार पडली.

आम्ही सगळ्या बराखीत घुसलो. वर पत्रा. गारा अशा तडतडत होत्या की बोललेलं ऐकू येईना. सगळ्या भिजलेल्या, धापा टाकणाऱ्या, अंगावर कांद्याची टरफलं चिकटलेल्या. आणि त्या पत्र्याच्या कल्लोळात वहिनी घसा ताणून, एकेक शब्द ओरडून, दौलूला वर ओढत होती. तिसरा पेड तुटतो! चौथा! आणि शेवटच्या पेडावर वरून एक हात खाली येतो आणि त्याचं मनगट धरतो! बराखीत असा आरडाओरडा झाला की पावसाचा आवाज मागे पडला. पिकअपवाला टाळ्या वाजवत होता. आईनं दोन्ही हात कपाळाला लावले आणि म्हणाली, "म्हटलंच व्हतं मी. विघ्नहराला सांगितलं व्हतं."

तेव्हा कळलं. संकष्टीला आई ओझरला जाऊन आली होती. आम्हाला वाटलं कांद्यासाठी. तिनं गणपतीला दोन जुड्या दूर्वा वाहिल्या होत्या. एक कांद्याची आणि एक दौलूची.

कांदा भिजला नाही. आणि दौलू गडावर पोचला, पण राहिला नाही. कादंबरीत त्याला शेवटी गोळी लागते. गडाच्या दारात, पाठीवरची पोतडी उतरवल्यावर तो पडतो, आणि पहाटे त्याच दारूवर तोफ उडते. ती त्याला ऐकू येते की नाही हे लेखकानं सांगितलेलं नाही. शेवटच्या दिवशी वहिनीनं ते तसंच सांगितलं. पात कापायची थोडीच उरली होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तिखट हाय बाई यंदाचा कांदा." वाळलेली पात कापताना कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, हे तिथे प्रत्येकीला माहीत होतं. 

या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली आणि त्या कादंबरीवर सिनेमा आला. मी तोवर पुण्यात नोकरीला लागले होते. मोबाइलवर त्याची झलक आली. त्यातला दौलू व्यायामशाळेत जाऊन आल्यासारखा होता आणि एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर घोड्यासकट उडी मारत होता. मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "मला न्हाई बघायचा. माझा दौलू काटकुळा हाय. त्याला घोडा कुठला परवडतोय?"

वाचणाऱ्या माणसांचं हे दुखणं मला ठाऊक आहे. पुस्तक वाचताना आपण प्रत्येक जण आपापला सिनेमा काढून बसलेलो असतो, आणि त्यात एक पैही खर्च झालेली नसते, त्यामुळे तो फार देखणा झालेला असतो. मग कुणीतरी खरा सिनेमा काढतं आणि आपण त्याला परक्या मुलुखातून आलेल्या चोरासारखं बघतो. तरी जातोच. शिव्या घालायला का होईना, जातो. आपल्या माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत लागलंय म्हटल्यावर घरी बसवत नाही.

बायांनीच ठरवलं. तोच पिकअप, तोच ड्रायव्हर. नारायणगावच्या थिएटरातला दुपारचा खेळ. मीही पुण्याहून आले. हिराबाई नवं हिरवं लुगडं नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून आली होती, लग्नाला निघाल्यासारखी. आईनं शेंगदाणे आणि गुळाची पिशवी घेतली होती. रांगेत बसल्या बसल्या दिवे गेले आणि तुतारी वाजली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू? पडद्यावर सह्याद्री उभा राहिला आणि आई शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली, "आमच्या शेतातनं दिसतो ह्यो डोंगर."

घाट आला. बैल आले. मिठाच्या गोण्या आल्या आणि आमच्या रांगेतून "आल्या, आल्या!" झालं. मग चौकी आली. हिराबाई सरसावून बसली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. पडद्यावर दौलूनं तलवार उपसली आणि एकट्यानं वीस-पंचवीस माणसं कापून काढली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. धूळ खाली बसली. दौलू पुढे गेला.

थिएटर शांत झालं आणि त्या शांततेत हिराबाईचा रानात कमावलेला आवाज घुमला, "आन् म्हातारी कुठंय?"

"व्हय, म्हातारी इसरले का काय?" दुसरी म्हणाली.

"मेंढरं बी न्हाईत!" आई म्हणाली.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो मावशी, कोण म्हातारी? बसा ना गप." पिकअपवाल्यानं मागे वळून त्याला सुनावलं, "तुमी पुस्तक वाचलंय का, राव?" त्यानं स्वतः वाचलं नव्हतंच.

मी वहिनीकडे बघितलं. अंधारात ती खुर्चीत खाली खाली सरकत चालली होती.

मध्यंतरात बाहेर वडापावच्या गाडीपाशी सगळ्यांनी तिला घेरलं. "सुरेखा, म्हातारीला का काढली गं त्यांनी?" वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाली, "त्यांनी न्हाई काढली. पुस्तकात ती न्हाईच. पुस्तकात तो रात्री ओढ्यातनं लपून जातो, दोन ओळींत. म्हातारी मी घातली."

"तू?" आई म्हणाली.

"मावशींनी विचारलं, आमच्यातलं कोन न्हाई का. मला न्हाई म्हणवंना." ती हिराबाईकडे बघून म्हणाली, "आणि खरंच, डोंगरात तुमीच असणार की. लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसंल."

 हिराबाईच्या हातातला वडापाव तसाच राहिला. मला वाटलं, दुखावली. एवढी वर्षं आपली म्हणून जपलेली म्हातारी, आणि ती नव्हतीच. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं. शेतावर सकाळचं ऊन सरकतं तसं.

"उंच व्हती म्हनालीस. ताठ."

"व्हय."

"म्हंजे मीच गं ती?"

"तुमीच, मावशी."

हिराबाईनं सगळ्या बायांकडे एकदा बघून घेतलं. "मंग ह्यांचा पिच्चर जरा चुकलाच," ती म्हणाली. "मी असते तर येवढी मानसं मारायला लागली नसती." आणि हसली. ती हसली तशा सगळ्या हसल्या, आई तर ठसका लागेपर्यंत. दुसऱ्या अर्ध्या भागात हिराबाईनं प्रत्येक उडीला दाद दिली, दोराच्या वेळी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि शेवटी सगळ्यांबरोबर मोकळेपणानं रडली. त्या दिवशी कांद्याचं निमित्तही नव्हतं.

वहिनीनं म्हातारी घातली, पण दौलूला वाचवलं नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. एकदा तिला विचारलंही. ती म्हणाली, "मरणं त्याचं व्हतं. ते मी कसं घेऊ? वाटेत सोबत देता येती, तेवढी दिली." वाचकाचं प्रेम यापेक्षा निराळं काय असतं? पुस्तक आपलं नसतं, शेवट आपल्या हातात नसतो. पण त्या माणसाबरोबर घाट चढताना आपल्याकडची एक घोंगडी त्याच्या अंगावर टाकावीशी वाटते. सिनेमावाल्यांनी घोडा दिला, वहिनीनं मेंढरं दिली. दोघांचाही जीव त्याच्यावरच होता. म्हणून मला आता सिनेमावाल्यांचा राग येत नाही.

हिराबाई आता थकलीय. मेंढरं निम्म्याहून कमी उरलीत, मुलगा चाकणला कंपनीत जातो. गेल्या वर्षी ओझरला देवळाबाहेर पायरीवर ती बायांच्या घोळक्यात बसलेली दिसली. मी मागे उभी राहून ऐकलं. तिच्या गोष्टीत म्हातारी पहिल्यापासून आहे. बैल तिचेच, वाट तिनं दाखवलेली, आणि वरून मनगट धरणारा हातही तिचाच. दौलू तर जगतोच; त्याला म्हातारीनं आपली लेक दिलीय आणि आता त्यांना नातवंडं आहेत. मी वहिनीला येऊन सांगितलं, तशी ती म्हणाली, "माझ्यापेक्षा लई भारी केलं की."

तर यंदा. दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि आल्या आल्या विळा हातात मिळाला. आई आता वाफ्यात वाकत नाही. आंब्याखाली खुर्ची टाकून बसते आणि गोष्ट पुढे सरकली नाही तर तिथून ओरडते. वहिनीनं नवी कादंबरी धरलीय. समुद्रावरची आहे. एका गलबतावरच्या तांडेलाची बायको नवऱ्याचे कपडे घालून आरमारात शिरलीय, आणि आमच्यातल्या निम्म्या बायांनी समुद्र फक्त टीव्हीवर बघितलाय. "खारं पानी म्हंजे किती खारं?" असले प्रश्न येतात. काल संध्याकाळी गलबताला भोक पडलं, आणि हल्ली शिवारात फिरणाऱ्या बिबट्याच्या भीतीनं सगळ्या उजेड असतानाच घरी गेल्या, त्यामुळे ते भोक तसंच राहिलं.

आज दुपारी माझी परतीची एसटी होती. पिशवी भरून झाली होती. वहिनी वाफ्यात बसली, विळा उचलला आणि म्हणाली, "तर पाणी गुडघ्यापर्यंत आलं."

मी बांधाच्या कडेला जाऊन ऑफिसात फोन लावला. म्हटलं, सर, घरी कांद्याची काढणी आहे, बाया कमी आहेत, रजा वाढवून हवी. सर चांगले आहेत. म्हणाले, हरकत नाही, पण अजून किती राहिलंय, काही अंदाज?

मी मागे वळून बघितलं. शेत जवळजवळ मोकळं झालं होतं. आंब्याखाली, आईच्या मांडीवर, वहिनीचं पुस्तक उघडं पडलं होतं.

"सर," मी म्हटलं, "अजून निम्मं तरी आहे."